सुटी बाही

ज्या पट्ट्याने काहीच बांधलेलं नाही असा पट्टा माणसाने का घालावा, या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. भाचीने पहिल्यांदा फोन माझ्या नाकासमोर धरला तेव्हा त्यात एका खेळातली मुलगी उभी होती. मांडीला एक पट्टा, दंडाला एक, कमरेला तीन, त्यातले दोन तिरके. एकालाही काही अडकवलेलं नाही. तलवार नाही, पिशवी नाही, घराची किल्लीसुद्धा नाही. परकर पुढून आखूड आणि मागून जमिनीला लागलेला, म्हणजे पुढच्या बाजूला कापड संपलं आणि मागच्या बाजूला उरलं.

"आत्या, कसला भारी आहे ना ड्रेस?" भाची म्हणाली.

"गिऱ्हाइकाने परत आणलेला दिसतोय," मी म्हणाले.

मी महाडच्या बाजारात चौतीस वर्षं ब्लाउज शिवते. मला कपडा दिसला की आधी त्यातली चूक दिसते आणि ती बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. फोनवरचा फोटो पुढे करून "काकू, सेम असंच" म्हणणाऱ्या नवऱ्या मुली रोज येतात. पाठीवर नारळाएवढे गोंडे हवे असतात त्यांना. मी शिवून देते आणि ऐकवूनही देते. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण माझा ब्लाउज अंगावर बसतो. या भांडवलावर मी आयुष्यभर लोकांना नावं ठेवत आले.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ पोलादपूरच्या वरच्या अंगाला गावात शेती करतो. तिथे दहावीच्या पुढे शाळा नाही, म्हणून मुलगी अकरावीपासून माझ्याकडे राहायला आली. दिवसा कॉलेज, दुपारनंतर माझ्या दुकानात काजं-बटणं, आणि मधल्या वेळात तो फोन.

हे खेळ काय असतात ते तिनेच मला समजावलं. खेळायला पैसे पडत नाहीत, पण त्यातली बरी माणसं सरळ मिळत नाहीत, त्यांची सोडत काढावी लागते. बटण दाबलं की आकाशातून एक तारा पडतो. नशीब असेल तर हवी ती बाई मिळते, नाहीतर भलतीच कोणीतरी गळ्यात पडते. एवढं करून हाती काय, तर एक बाहुली आणि तिच्या अंगावरचे कपडे. पुढे त्याच बाहुलीचे दुसरे कपडे येतात, ते वेगळे घ्यायचे. आमच्या बाजारातल्या साडीवाल्यांना ही युक्ती सुचली नाही हे आपलं नशीब.

मी बघायला लागले ती नावं ठेवायलाच. मशीनच्या डोक्याला टेकवून ती फोन उभा करायची आणि मी हुक लावता लावता चष्म्यावरून बघायची. एक बाई म्हणे बर्फाच्या डोंगरात राहते आणि पोट उघडं. हिला आषाढात एक दिवस शिवथरला नेऊन उभी करा, संध्याकाळच्या आत गोधडी मागेल. दुसरीने चिलखत घातलंय, पण तेही फक्त छातीपुरतं, म्हणजे शत्रूने सभ्यपणे तेवढ्यावरच वार करायचा. आणि पुरुष? पुरुष गळ्यापर्यंत बटणं लावलेले, वरून कोट, हातात मोजे. थंडी फक्त त्यांनाच वाजते. बायकांच्या कपड्यांना जिथे तिथे खिडक्या पाडलेल्या. हे काढणाऱ्याला शिवण येत नाही हे एक वेळ सोडून देऊ, पण त्याला घरात आई-बहीण नसावी की काय, असं मी मोठ्याने म्हणायची. दुकानात बसलेल्या बायका हसायच्या. भाचीही हसायची.

सगळ्यात डोक्यात जायची ती सुटी बाही. या खेळांत तिचा सुळसुळाट आहे. खांदा उघडा, मुंढ्याला, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, काही नाही, आणि दंडाच्या मध्यावर कुठेतरी एक बाही अधांतरी सुरू होते ती पार पंजापर्यंत. ती टिकते कशावर? चित्रात टिकते. "तिला हात खाली करायला सांग," मी म्हणायची, "आत्ता घसरून मनगटात येईल." मुंढा बसवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. ज्याला बाही बसवता येत नाही तो शिंपी नव्हे. आणि या लोकांनी काय केलं, तर मुंढाच काढून टाकला आणि त्याला फॅशन म्हटलं.

एक मात्र माझ्या लवकर लक्षात आलं. जी बाहुली जितकी दुर्मिळ तितकी तिच्यावर सोनेरी नक्षी जास्त. गळ्याला सोनं, काठाला सोनं, गुडघ्याला सोन्याचं फूल. लग्नसराईत दुकानाच्या दारात उभी केलेली पुतळी बघावी तशी. उलट ज्या बाहुल्या फुकट देतात, कोणाला नकोशा, त्यांचे कपडे साधे असतात, आणि ते शिवता येतात. त्यांना खिसे असतात. एका स्वयंपाकीण पोरीच्या ॲप्रनची गाठ मागे नीट बांधलेली होती, उजव्या हाताने बांधते तशी. जो कोणी ती गाठ काढत होता, त्याला साहेबाने सोनं फासायचं काम दिलं नव्हतं म्हणून तो सुखाने काम करत होता, असं मला वाटलं.

आणि मग ती वैद्यीण आली.

पन्नाशीची बाई होती. या खेळांत पन्नाशीची बाई येते हेच नवल. अंगात टाचेपर्यंत झगा, एकावर एक पदर घेऊन उजव्या कुशीला बंदांनी बांधलेला. काखेत कळी होती. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कळी होती, कापडाचा चौकोनी तुकडा तिरका लावलेला, हात वर करून झाडावरची पानं तोडता यावीत म्हणून. ती वळली की आतलं अस्तर क्षणभर दिसायचं, हळदीच्या रंगाचं, आणि पुन्हा झाकलं जायचं. खालचा काठ जड होता, चालताना तो कापडाच्या मागून येत होता. बाहीच्या टोकाला रंग किंचित विटलेला, कारण ही बाई दिवसभर औषधं कुटते आणि हात धुते. एवढं सगळं कोणीतरी बसून विचार करून काढलं होतं. त्याने कधीतरी सुई हातात धरलेली असणार, निदान सुई धरणाऱ्या बाईशेजारी बसलेला असणार. मला तो झगा आवडला. हेवा वाटावा इतका आवडला. मी भाचीला तिला गोल फिरवायला लावलं, पळवायला लावलं, उडी मारायला लावली, आणि मग वर्तमानपत्रावर त्या कळीचं माप काढून ठेवलं.

"म्हणजे तुला आवडतं तर!" भाची खूश झाली.

"हा एक आवडला. बाकी सगळा कचरा आहे."

त्यानंतर ती प्रत्येक नवी बाहुली मला दाखवायला लागली आणि मी प्रत्येकीला धुऊन काढायला लागले. आमचं दोघींचं छान जमलंय असं मला वाटत होतं.

बारावीचा निकाल लागल्यावर तिने बापाला सांगितलं की मुंबईच्या एका कॉलेजात नाटक-सिनेमाच्या आणि असल्या खेळांच्या वेशभूषेचा कोर्स आहे, तो मला करायचाय. भाऊ दुसऱ्याच दिवशी महाडला आला. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलायला लागला.

"अक्का, ह्या पोरीला काय झालाय? फार्मसीची सीट मिळतेय हितं, तुझ्या घरून येऊन-जाऊन व्हईल. ती सोडून बाहुल्यांचे कपडे शिवनार म्हनते. तुला त्यातला कळता, तू सांग."

मी काय सांगितलं ते मला चांगलं आठवतं. "हात चांगला आहे तिचा. डोकं त्या खेळांनी नासवलंय. तरी एकदा जाऊ दे."

भाऊ स्टुलावरून उठला. "बरा. एक डाव जाऊ दे. पन एकच. नाय झाला तर फार्मसी, मग कुरकुर नाय."

भाचीने मान डोलावली. मुलाखतीला एक कपडा न्यायचा होता, स्वतः शिवलेला, आणि तो कोणासाठी आहे ते पात्रही स्वतःच रचायचं होतं. कपडा आणि सोबत चित्राचे कागद. त्या कपड्यावर तिचं सगळं ठरणार होतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

महिनाभर ती कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसली. जाड निळं सुती कापड, गुडघ्यापर्यंतचा कोट, पुढे मोठे खिसे. उजवी बाही तिने नीट बसवली, अगदी माझ्यासारखी नाही, पण नीट. डावी मात्र सुटी ठेवली. इतकी लांब की हात संपला तरी बाही उरावी. मुंढ्याला लूप शिवले आणि बाही त्यात एका विणलेल्या नाडीने ओवली.

"आलीस ना शेवटी त्याच वळणावर?" मी म्हणाले. "दोन वर्षं माझ्याकडे राहून हेच शिकलीस?"

"असू दे गं आत्या."

"एका हाताची लांबी मोजायला विसरलीस, की हात लांब आहे त्या बाईचा?"

ती हसली नाही. मशीन चालवत राहिली. मला वाटलं, पटलंय पण कबूल करवत नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती गावी गेली. आईला भेटायचं होतं आणि सकाळी बापाबरोबर पोलादपूरहून एसटीने निघायचं होतं. गाडी महाड डेपोत थांबते, तेव्हा मी पिशवी खिडकीतून द्यायची असं ठरलं. कोट माझ्याकडे ठेवला कारण गावाला दोन दिवस लाइट नव्हती. जाताना ती म्हणाली, "आत्या, फक्त इस्त्री मार. बाकी सगळं झालंय."

दुपारी जेवून मी कोट टेबलावर पसरला. उजवी बाजू झाली. डावी बाही घेतली तर ती टेबलावरून घसरून खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. माझे हात शिवशिवायला लागले. मी त्या मुंढ्याकडे बघत होते आणि मला मुंबईतले ते परीक्षक दिसत होते, कोट उचलून एकमेकांना दाखवणारे. चौतीस वर्षं शिवणाऱ्या बाईची भाची, आणि बाही बसवता येत नाही. माझ्या दुकानातून आजवर अर्धवट कपडा बाहेर गेलेला नाही. गिऱ्हाइकाने हट्ट केला तरी मी सोडलेला नाही.

मी ती नाडी काढली. लूप उसवले. बाहीची जास्तीची लांबी कापली नाही, कापड वाया जाऊ नये म्हणून आत दुमडून घेतली. मुंढ्याला पुन्हा आकार दिला, काखेत त्या वैद्यिणीसारखी कळी घातली, आतून पट्टी लावली आणि दुहेरी टीप मारली. दोन तास गेले. आयुष्यात बसवलेल्या चांगल्या बाह्यांपैकी ती एक होती, हे मी आजही सांगेन. सकाळी डेपोत गाडीच्या खिडकीतून पिशवी आत दिली तेव्हा मी मनात हसत होते. उघडेल तेव्हा कळेल पोरीला, असं वाटत होतं.

संध्याकाळी पनवेलहून भावाचा फोन आला. "अक्का, नाय झाला." एवढंच. मी विचारलं, "काय म्हणाले ते?" तो म्हणाला, "ती काय बोलत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. पिशवीतून कोट काढला, माझ्या टेबलावर ठेवला, खणातून ब्लेड घेतलं आणि डावी बाही उसवायला बसली. माझी टीप सहज निघत नाही. ती एकेक टाका काढत होती आणि तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"ती बाही ओढली की सुटायला हवी होती आत्या. माझी बाई पुरात लोकांना बाहेर काढते. बाही सुटते आणि तिची दोरी होते, म्हणून लांब आहे. कागदावर सगळं लिहिलं होतं, चित्रं काढली होती. इस्त्री मोडू नये म्हणून कोटाची घडी मी तिथे पोचेपर्यंत उघडलीच नव्हती. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, सोडून दाखवा. मी ओढली."

मी टेबलावर पडलेले दोरे गोळा करायला लागले.

"मग त्यांनी कोट उलटा करून बघितला. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, या दोन बाह्या एका माणसाने शिवलेल्या नाहीत. मला विचारलं, हा तुम्ही स्वतः शिवलाय का? मी काय सांगू? मी म्हणाले, डावी बाही माझी नाही."

"मग मला आधी सांगायचं होतंस, ती कशासाठी आहे ते!" मी म्हणाले. माझं पहिलं वाक्य हे होतं. चूक माझी असतानाही माझ्या तोंडून पहिल्यांदा दुसऱ्याची चूकच निघते.

"सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

हसले असते. दुकानात बसलेल्या बायकांनाही हसवलं असतं. बाहीची दोरी म्हणे, आणि दोरीच्या कोटाला खिसे! माझ्याजवळ वाक्य तयारच असतं.

"महाडात पूर आला त्या वर्षी तू दुकानाच्या वरच्या मजल्यावरून साड्यांना गाठी मारून खाली सोडल्या होत्यास ना," ती ब्लेडकडे बघत म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या. ते मी चित्रांच्या पहिल्या कागदावर लिहिलं होतं."

त्या साड्यांबद्दल मी नंतर फक्त एवढंच बोलत आले होते की त्यांचे काठ फाटले आणि मला भरून द्यावे लागले. त्या धरून कोण वर आलं हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिने ते दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकलं असणार. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. दोन वर्षं मी ज्या चित्रकारांना सुई माहीत नाही म्हणून हिणवत होते, त्यांनी निदान कोणाचा कपडा न विचारता शिवून टाकलेला नाही.

मी त्याच दिवशी पोलादपूरच्या गाडीत बसले. भाऊ गोठ्यात होता. मी उभ्याउभ्या सांगितलं की पोरीची चूक नाही, माझी आहे, मी बाही शिवून टाकली. तिला आणखी एक वर्ष दे.

त्याने शेणाचं घमेलं खाली ठेवलं. "पन तूच तर म्हनायचीस ना अक्का, येड्यांचे कपडे हायत म्हनून?"

"म्हणायचे."

"मंग आता?"

"आता ती सांगते ते मी ऐकलंय. तेव्हा ऐकलं नव्हतं."

त्याला हे फारसं कळलं असं वाटलं नाही. पण मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर चूक कबूल केली होती, आणि त्यामुळे तो घाबरला असावा. "एक वरीस," तो म्हणाला. "तवर फार्मसी चालू ठेवील. दोन्ही करील."

मी परत येऊन भाचीला सांगितलं. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, नवा कोट मी तुझ्याकडे शिवणार नाही."

"मी हात लावणार नाही. शपथ."

"लावशील," ती म्हणाली. रागाने नाही. जसं एखाद्याला मधुमेह आहे हे सांगावं तसं.

आता ती फार्मसीतून सुटली की बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत एका शर्ट-पँट शिवणाऱ्याकडे बसते. या माणसाबद्दल मी महाडात किती आणि काय काय बोललेय त्याची गणती नाही. त्याची कॉलर पुठ्ठ्यासारखी असते, काजं वाकडी असतात, पँटची चेन त्याला कधी सरळ बसवता आलेली नाही. राहायला अजून ती माझ्याकडेच आहे. जेवते, बोलते, भांडीही घासते. फोनवरच्या बाहुल्या मात्र आता दाखवत नाही आणि मीही मागत नाही.

परवा दोऱ्याचं रीळ आणायच्या निमित्ताने मी त्या गल्लीतून गेले. रिळं माझ्याकडे भरपूर होती. तो दारातच बसला होता, तिचा नवा कोट मांडीवर घेऊन. त्याने बाही उचलून धरली आणि विचारलं, "ही अशी सुटी का गो ठेवलीस?" ती सांगायला लागली, दोन्ही हातांनी, पाणी किती वर येतं, गाठ कुठे बसते, ओढ कुठल्या बाजूने येते. त्याने मशीन थांबवलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आणि ओली झाल्यावर गाठ सुटंल का?" तिने यावर विचार केलेला नव्हता. ती गप्प बसून विचार करायला लागली आणि तो वाट बघत राहिला.

मी आत गेले नाही. आत गेले असते तर पहिल्यांदा त्या मुंढ्याची टीप उलटून बघितली असती.